शिक्केसाहेबांची रांग

आमच्या पंपांच्या कारखान्यातून भरलेली गाडी बाहेर काढायची, तर फाटकाजवळच्या खिडकीत कागदावर शिक्का घ्यावाच लागे. त्या खिडकीमागे बसणाऱ्या गृहस्थांना सगळे शिक्केसाहेब म्हणत. ते चिडवणं आहे, हे त्यांना कधी कळलं नाही. काम शेंबडं पोरही करील असं, पण ऐट अशी, की जणू पंप यांनीच घडवले. समोर ड्रायव्हर ताटकळत असले की त्यांना अन्न गोड लागायचं.

मग मालकांची धाकटी सून कारभारात आली. सगळीच कामं एकदम सुधारता येत नाहीत. जिथे सर्वांत जास्त अडतं आणि थोडक्या खर्चात सुटतं, ते आधी हाती घ्यायचं, असं तिने ठरवलं. त्यासाठी ती प्रत्येक खात्यात बसून पाहणार होती. आम्ही सगळे शहाणे. आमचं सुरळीत आहे, घोळ शेजारच्या खात्यात, असं जो तो सांगू लागला. शिक्केसाहेबांचं गणित वेगळंच. पहिला नंबर आपला लागला की हाताखाली दोन माणसं आणि केबिन मिळणार. तसं बायकोला सांगूनही झालं, आणि तिने ते माहेरी पोचवलं.

सूनबाई खिडकीशी आली त्या दिवशी त्यांनी मुद्दाम हात संथ चालवला. चष्मा पुसला, पाणी प्याले, एकेक कागद उलटसुलट करून पाहिला. रांग पार रस्त्यापर्यंत गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला हसू आवरेना, खोटं कशाला बोलू?

"हा शिक्का कशासाठी लागतो?" तिने विचारलं.

"माझ्याशिवाय इथून काही हलत नाही, बाईसाहेब."

"तेच दिसतंय," ती म्हणाली.

पहिला नंबर खरंच त्यांचा लागला. त्यांनी सगळ्या खात्यांना चहा पाजला. सोमवारी नवा शर्ट घालून आले, तर सुतार खिडकीवर फळी ठोकत होता. माल भरतानाच तपासला जातो, पुन्हा शिक्का नको, एवढीच ती सुधारणा. शिक्का मारणाऱ्याचं काय करायचं, ते मागाहून बघणार होते. गाड्या न थांबता बाहेर पडत होत्या आणि एकाही ड्रायव्हरने मान वळवली नाही. मला कीव यायला हवी होती. नाही आली.

सुताराला एकट्याने फळी आवरेना.

"काका, तुम्ही मोकळेच आहात ना?" तो म्हणाला. "जरा दाबून धरा."

शिक्केसाहेबांनी ती धरली, आणि वाकडी लागू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली.