लमझना आजेसासऱ्यांची नोंद

त्या दिवसांत बडादेवावर माझा राग होता, हे आधीच कबूल करते. आम्ही गोंड. गावाबाहेर साजाच्या झाडाखाली आमचा देव; नवी मोहफुलं त्याला वाहिल्याशिवाय आम्ही घरात घेत नाही. पण लेकीला वर्ध्याला नर्सिंगची जागा मिळाली आणि जातीच्या दाखल्यावाचून ती हातची जायची वेळ आली. तेव्हा मी देवाला फटकारलंच, तुझं राज्य झाडाखाली, कचेरीत तुला कोण विचारतं?

तालुक्याच्या कचेरीतून मी तीनदा परतले होते. माझ्या सासऱ्यांच्या जन्माची जुनी नोंद हवी होती आणि आमच्या गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या वहीत, ती नव्हती. असणार कशी? आजेसासरे लमझना, म्हणजे स्वतःच्या सासऱ्याच्या घरी राबून बायको मिळवलेले. पोरंही, माझे सासरे धरून, तिकडच्याच गावी झाली. आमच्यात ही रीतच. पण लोक हसतात म्हणून मी अर्जात आमचंच गाव लिहिलं होतं. खिडकीतून खेकसणाऱ्या माणसाला हे सांगायची माझी छाती झाली नाही.

चौथ्यांदा निघताना देवापुढे नुसती उभी राहिले. म्हटलं, माझी अक्कल संपली, आता तू बघ.

टेबलाशी नव्या बाई होत्या. "बसा मावशी," म्हणाल्या. त्या कचेरीत मी पहिल्यांदा खुर्चीवर बसले. तेवढ्यात बाजारातल्या एका मोठ्या दुकानदाराने माझ्या खांद्यावरून कागद पुढे केला.

"भाऊ, नंबर येऊ द्या. मावशीचं काम सुरू हाये," बाई त्याला म्हणाल्या.

तो चक्क मागे जाऊन उभा राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि जीभ सुटली. "बाई, म्या गाव खोटं लिहिलं. आजेसासरे लमझना होते."

"मंग त्यात लाजता काऊन? त्याच गावचं बुक पाहू."

तिथे सासऱ्यांच्या जन्माची नोंद सापडली. बापाच्या नावापुढे जात लिहिलेली, गोंड. दाखला वेळेत मिळाला, लेक वर्ध्याला गेली.

देव तिथे आला होता का, यावर मी वाद घालत नाही. त्या बाईंनी माझ्यावर मेहेरबानी केली नाही, माझा नंबर मला दिला. तेवढ्यावर मी आता त्या कचेरीत ताठ मानेने जाते. ती माझीही आहे. देवावर भार टाकला, तेव्हाच खरं बोलायचं बळ आलं, एवढं मात्र मला ठाऊक आहे.

यंदा मोहफुलं वाहताना आजेसासऱ्यांचं नाव मी मोठ्याने घेतलं, लमझना म्हणूनच.