सुताराच्या घरचा लाकडी मोर

मी आणि बायकोने मिळून शेवटचं काय केलं, तर दुपारी ओट्यावर बसून मोबाईलवर गावातल्या जुन्या घरांचे फोटो पाहिले. कोणीतरी ग्रुपवर टाकले होते. कोरीव खांब, लाकडी सज्जे. आता तिथे सगळी दुकानं आहेत. एका फोटोवर तिने बोट ठेवलं. "हाई तेच घर ना, मोरवालं?" मी हो म्हटलं. दोन दिवसांनी ती गेली. तेव्हापासून त्या मोराची केस डोक्यातून हलत नाही, म्हणून लिहितोय. माझं शिक्षण सातवी. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. नाव कोणाचं लिहिणार नाही.

नंदुरबार जिल्ह्यातलं लहान गाव. तापीकाठच्या एका गुजर शेतकऱ्याने तिथलं बापजाद्यांचं घर पाडायला दिलं. त्याच्या दारावर हातभर लांबीचा सागवानी मोर होता. घर पडलं, मोर गायब. त्याने फिर्याद दिली.

तिसऱ्या दिवशी खबरी आला. मोहल्ल्यातल्या एका सुताराच्या भिंतीला तसाच मोर टांगलाय म्हणाला. आम्ही भर बाजारातून जीप नेली, पंचांसमोर मोर जप्त केला, सुताराला आणलं.

सुतार म्हणाला, "साहब, ये हमारे दादा का नमुना है. पहले ये बनाया. उस घर के लोग बोले, मुँह बाईं तरफ चाहिए. तो दूसरा बनाया. पहला हमारे घर रहा."

त्याच्या घरच्या मोराचं तोंड उजवीकडे होतं. फिर्यादीला तोंड कुठे होतं ते आठवेना. मी गावातल्या जुन्या स्टुडिओतून त्या घराचा फोटो मागवला. दारात घरची माणसं उभी, वर मोर. फोटोतला मोरही उजवीकडेच बघत होता. संपलं, असं आम्हाला वाटलं.

"फोटो खोटं बोलतो का रे?" मी विचारलं.

"फोटो का नहीं मालूम. दादा झूठ नहीं बोलते थे."

मी कानाखाली दिली. लपवत नाही. तो गालावर हात धरून म्हणाला, "मारो साहब. लेकिन चोर मत लिखो. हमारा काम लोगों के घर में रहता है. कौन अंदर लेगा?"

दुसऱ्या दिवशी त्याची कस्टडी संपत होती. साहेबांना त्याआधी कबुली हवी होती. मी जेवायला घरी आलो तर फोटो खिशातच होता, तो काढून बाजूला ठेवला. बायकोने भाकरी वाढता वाढता तो उचलला आणि बघतच राहिली.

"ह्या बाया गुजरनी शेतस ना?"

"हो. त्यांच्याच घरच्या. तू वाढ."

"गुजरनी पदर उजवा खांदावर लेतस. आठे, ह्या फोटोमा, दोन्हीसना डावा खांदावर कसा? आनि ह्या बाबाना खिसा देखा, उजवीकडे. कोणता शिंपी शिवस असा?"

घास हातातच राहिला. तसाच उठून स्टुडिओत गेलो. म्हाताऱ्या मालकाने मूळ काच, म्हणजे त्या फोटोची निगेटिव्ह, शोधून काढली, उजेडासमोर धरली आणि ओशाळला. छापताना काच उलटी लागली होती. खरा मोर डावीकडे बघत होता. सुतार खरं सांगत होता.

मग पाडकामाचा ठेकेदार बोलावला. त्याने आधीच जबाब दिला होता, की दारावर मोर होता हेच मला माहीत नाही. मी चहा दिला. घराच्या लाकडाबद्दल, विटांबद्दल बोलत बसलो. मध्येच विचारलं, "तोंड कुठं होतं हो त्या मोराचं?"

"डावीकडे," तो म्हणाला आणि कप खाली ठेवला.

मोर त्याच्या शेतातल्या खोलीत गोणपाटात निघाला.

साहेबांनी पाठ थोपटली. "डोकं चालवलं तुम्ही." ते डोकं कोणाचं होतं हे ना तेव्हा सांगितलं, ना नंतर कधी. तिनेही कधी विचारलं नाही. आज लिहितोय, पण ऐकायला ती नाही. या केसने एवढं शिकवलं, की कागद हातात आला की पोलीस समोरच्या माणसाकडे बघायचं सोडतो. मी सोडलं होतं.

कस्टडी संपली त्या संध्याकाळी सुतार कोर्टाच्या हुकमाने सुटला. त्याचा मोर त्याला परत द्यायचाही हुकूम झाला. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, सुटला तुझा सुतार. ती चुलीपुढून उठली नाही.

"जीपमा बसाडं ते सगळा बाजारनी देखं. सुटना ते कोनी देखं?"



दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, बाजार भरल्यावर, मी वर्दी चढवली. सुताराला ठाण्यात बोलावून मुद्देमाल पावतीवर त्याची सही घेतली. मोर उचलायला तो वाकला, तर त्याला म्हटलं, तू पुढे चाल. मोर मी स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि भर बाजारातून त्याच्या मागे चालत त्याच्या घरापर्यंत गेलो. वाटेत जो विचारेल त्याला थांबून सांगत होतो, "याचाच आहे. चूक आमची झाली."