रंभाचा काळा दात

मी तोंडाची फटकळ आहे, हे निम्म्या पनवेलला ठाऊक आहे. डॉक्टर सत्यजीतांच्या दातांच्या दवाखान्यात सोळा वर्षं नंबर लावतेय, औजारं धुतेय. पेशंट कांगावा करायला लागला की डॉक्टर मलाच पुढे करतात, "दिपाताई, जरा बघा." पण रंभाच्या बाबतीत मी तोंड आवरायला हवं होतं. अजून चुटपुट लागून राहिलीय.

रंभा मूळची उरणकडची, मासळी बाजारात बसते. भाव सांगतानाही ओठ मिटूनच बोलायची, कारण वरचा पुढचा दात ठार काळा. लग्नाच्या पहिल्या वर्षी होडी ओढताना दोराचा फटका तोंडावर बसला होता. बाकीचे दात मिश्रीने तपकिरी. तिच्या नवऱ्याला, काळूरामला, त्या काळ्या दाताचं भारी कौतुक. जत्रेत चुकामूक झाली की लांबूनच ओरडायचा, "हस गो जरा, म्हंजे वलखीन."

नऊ वर्षांपूर्वी काळूराम होडी घेऊन गेला तो आलाच नाही. बरोबरच्या दोघांची प्रेतं सापडली, याचं काहीच नाही. रंभाने कुंकू पुसलं नाही. तिला तो दिसायचा. एसटी स्टँडवर उरणच्या गाडीत चढताना, पाठमोरा. कधी पहाटे दाराशी ओल्या पावलांचा आवाज यायचा आणि उठून पाहावं तर ओटा कोरडा. मासे कापता कापता ती हे सांगायची आणि माझ्या अंगावर काटा यायचा. मग मला रागच यायचा. मी म्हणायची, "अगं बाई, तो काळूराम नव्हे." ती सुरी न थांबवता म्हणायची, "तोंड कुठं दिसला? मंग तुमी कशावरून बोलता?"

यंदा तिच्या मुलीचं, रियाचं, लग्न ठरलं. पत्रिकेत बापाच्या नावामागे रियाने 'कै.' छापायला दिलं, म्हणून मायलेकी चार दिवस बोलत नव्हत्या. शेवटी 'श्री.' छापलं. बदल्यात रियाने एकच मागितलं, फोटोत आईने तोंड उघडून हसायचं.

रंभाने मला बाजारातच गाठलं. "पांढरा होतो का गो हा दात?"

"होतो की. शनिवारी ये."

ती घुटमळली. "पण मंग तो मना वलखंल कसा?"

माझं डोकं सटकलं. "नऊ वर्षं झाली रंभा. कुणी ओळखायला येणार नाहीये. पोरीचं बघ आता." हे माझेच शब्द. ती पाटी आवरायला लागली.

शनिवारी मात्र आली. डॉक्टरांनी आधी मिश्रीचे डाग काढले आणि मिश्री बंद म्हणून बजावलं. मग काळ्या दाताकडे वळले. एक बर्फासारखा गार बोळा चिमट्यात धरून म्हणाले, "मावशी, गार लागलं की हात वर करा." शेजारच्या दाताला बोळा टेकला आणि हात झटकन वर. काळ्या दाताला टेकला. हात मांडीवरच. तिचे डोळे माझ्याकडे वळले. मग हळूहळू हात वर गेला.

"लागला," ती म्हणाली.

डॉक्टरांनी बोळा केव्हाच काढून घेतला होता.

एक्स-रे दाखवून त्यांनी समजावलं. आतली नस मेलीय, म्हणून दात काळा झालाय. नुसतं वरून घासून जाणार नाही. मुळाची सफाई करून दाताच्या आत औषध भरायचं आणि दर आठवड्याला बदलायचं.

"मेलाय म्हंजे, पक्का?" रंभाने विचारलं.

"कधीचाच, मावशी."

बिचाऱ्यांना काय माहीत. ती आ करून पडून राहिली, डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात जात होतं. डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय का. तिने मानेनेच नाही म्हटलं.

दुसऱ्या शनिवारी दात तपकिरी झाला होता. मी हळूच विचारलं, "पावलं वाजली का गं?" "या हप्त्यात नाय." पुढच्या शनिवारी दात पिवळसर झाला. स्टँडवरही कुणी दिसलं नव्हतं. मला वाटलं, सुटली बाई. माझा मलाच अभिमान वाटला, मेलीला. चौथ्या शनिवारी कुठला दात काळा होता ते शोधावं लागलं. लग्नात रंभा मोकळी हसली. फोटो बघून रिया रडली.

लग्नाला दहा-बारा दिवस झाले असतील. सकाळीच रंभा आली आणि नंबर न लावता थेट खुर्चीत जाऊन बसली.

"दाक्तर, परत काळा करून द्या."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. रंभाही माझ्याकडेच बघून बोलली. "काल आला व्हता. या टायमाला तोंड दाखवला त्यानं. माज्या पाटीसमोर हुबा राहिला. मी हसले, दिपाताय, सगला तोंड उघडून हसले. त्यानं माज्याकडं बघितला, बांगड्याचा भाव इचारला, नि पुढच्या बाईकडं गेला."

मला तिची भीती वाटली आणि स्वतःची लाजही.

डॉक्टरांनी तिला पाणी दिलं. दात मुद्दाम काळा करता येत नाही, म्हणाले. मग काहीतरी धीर द्यायचा म्हणून म्हणाले, "असे दात कधीकधी आपोआप परत काळे पडतात, मावशी."

"किती दिसांत?"

"कुणाचा दोन-चार वर्षांत पडतो. कुणाचा कधीच नाही."

तिने पदर सारखा केला आणि खुर्चीवरून उतरली. "मंग थांबते मी," म्हणाली. "मना सवय हाय."