शकूरभाईचे नऊ ठिपके

शकूरभाईची बिडी सुटली तेव्हा त्याच्यापेक्षा जास्त मीच मिरवलो. पिंपळगाव राजाच्या बाजारात जो भेटेल त्याला थांबवून सांगायचो, की विज्ञान हातात आलं की व्यसन आपोआप पळतं. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

शकूरभाई आमच्या गावचा दुरुस्तीवाला. मिक्सर, पंखे, टीव्ही आणि हंगामात शेतकऱ्यांचे बॅटरीवरचे फवारणी पंप. वय चव्वेचाळीस, त्यातली एकतीस वर्षं बिडीची. कामाला बसला की ओठात बिडी आणि हातात सोल्डरिंग गन. कोणता धूर कशाचा ते कळायचं नाही. मी इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. शाळा सुटली की त्याच्या दुकानातल्या बाकावर जाऊन बसायचं, हा माझा पंधरा वर्षांचा नेम. त्याची पोरगी फिजा तेव्हा माझ्याच वर्गात होती, नववीला.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर त्याच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडायला लागला. आधी त्यानं चप्पल बदलली, मग हळद लावली, मग कुणीतरी सांगितलेलं तेल लावलं. आग इतकी व्हायची, की पाय पाण्याच्या घमेल्यात सोडून तो पंखे दुरुस्त करायचा. शेवटी त्याची बायको नूरबी माझ्याकडे रडत आली, तेव्हा मी त्याला एसटीत घालून बुलढाण्याला नेलं. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला आणि सरळ सांगितलं, "पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडत चालल्या आहेत. तंबाखू पूर्ण सोडलीत तर पाय राहील, नाही सोडलीत तर जाईल. तिसरा रस्ता नाही."

राजूर घाट उतरेपर्यंत शकूरभाईचा हात खिशावरच होता. मोताळ्याला गाडी थांबली तेव्हा त्यानं खिशातलं बिडीचं बंडल खिडकीतून फेकून दिलं.

दोन दिवस काढले त्यानं. तिसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर समोर पंपाचं सर्किट, गन तापलेली आणि तो नुसता बसलेला. मला म्हणाला, "सर, बिडी नाई पेली तं हात लटलट कापते. टाका मारतो एकीकडे, पडते दुसरीकडे. पाय वाचवू का हात वाचवू, तुमीच सांगा."

मी त्याला मोबाइलवर विजेच्या सिगारेटचा एक व्हिडिओ दाखवला. सरकारनं तिच्यावर बंदी घातलेली, दुकानात मिळायची नाही. शकूरभाईनं तो व्हिडिओ तीन वेळा पाहिला आणि त्याचे डोळे चमकले. "ह्याच्यात काय आहे एवढं? तार तापते, वाफ निघते. धूर नाई. हे तं मी बनवतो."

आणि बनवलं की! मलकापूरच्या भंगारवाल्याकडून जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या आणल्या, त्यातले पुन्हा चार्ज होणारे सेल वेगळे काढले. अंगाला जुन्या टॉर्चची नळी. तार कुठल्याशा हीटरमधली. वातीला कापूस, त्याला आमच्याकडे काय तोटा. पण एका सेलवर वाफ फुसकी यायची आणि दोन जोडले की तार लाल होऊन कापूसच जळायचा. ठसक्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथं मी पुढे सरसावलो. "मधलं व्होल्टेज पाहिजे शकूरभाई, आणि ते कमी-जास्त करता आलं पाहिजे," म्हणून मी हजेरीच्या कागदामागे सर्किट काढून दिलं. त्यानं जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण त्यावर बसवलं.

खरं सांगतो, मला त्या दिवसांत फार सुख झालं. सव्वीस वर्षं मी ओहमचा नियम फळ्यावर लिहीत आलो. पोरं तो पाठ करतात, पेपरात ओततात आणि विसरतात. पहिल्यांदाच कुणीतरी तो नियम हातात धरून फिरवून बघत होतं. त्या सुखाच्या नादात मी एक गोष्ट मनात येऊ दिली नाही, आणि आली तर दाबून टाकली.

गोष्ट साधी होती. त्या यंत्रात भरायला शकूरभाईनं औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन आणलं होतं आणि त्यात बिडीतलीच तंबाखू भिजत घातली होती. त्याचा हिशेब त्याच्या परीनं सरळ होता. एकतीस वर्षं त्यानं धूर ओढला, गाड्यांच्या धुरानं सायलेन्सरच्या नळ्या काजळतात हे तो रोज डोळ्यांनी पाहत होता. म्हणजे पायाच्या नळ्याही धुरानंच तुंबल्या असणार. धूर गेला की रोग गेला. हे चूक आहे हे मला माहीत होतं. आमच्या शाळेची तंबाखूमुक्त शाळा म्हणून तपासणी व्हायची होती, तेव्हा मीच मुलांकडून तक्ते करून घेतले होते. फिजाचा तक्ता सगळ्यांत देखणा झाला, प्रयोगशाळेच्या दाराशी लावला. त्यावर मी सांगितलेलं वाक्य तिनं लाल शाईनं लिहिलं होतं: निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात.

शकूरभाईनं नूरबीच्या नेलपॉलिशनं बटणाभोवती नऊ ठिपके काढले. दर जुम्म्याला एक ठिपका खाली यायचं. "नऊ जुम्मे सर, मंग हे यंत्र बी कपाटात." हात थरथरायचा थांबला. पंप भराभर दुरुस्त होऊ लागले. नूरबीनं मला घरी बोलावून शिरखुर्मा खाऊ घातला.

एक दिवस मधल्या सुट्टीत फिजा माझ्याकडे आली. "सर, अब्बाच्या त्या मशीनमध्ये निकोटिन नसते ना?"

"थोडं असतं गं," मी म्हणालो. "पण आधी बिडी तर सुटू दे. ठिपके कमी होतातच आहेत."

"मंग चालते का?"

"मी आहे ना," मी म्हणालो. ती निघून गेली.

ठिपके कमी होत होते हे खरं. पण बटण खाली येईल तसा त्याचा झुरका लांबत गेला. बाटलीत भिजवलेलं तंबाखूचं ग्लिसरीन आधी चहाच्या रंगाचं होतं, ते पुढे काकवीसारखं काळं झालं. हे सगळं मी बाकावर बसून बघत होतो. तिसऱ्या ठिपक्याच्या खाली तो कधी गेलाच नाही. जुम्मे गेले, काळा रंग अंगठ्यावरून शेजारच्या बोटांवर आला आणि तिथून टाचेकडे निघाला. तो म्हणायचा, जुनी घाण निघून राह्यली. मी मान डोलवायचो.

पुन्हा बुलढाण्याला नेलं तेव्हा तो चालत नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "बिडी सोडली होती का?"

"एकशे सहा दिवस झाले," तो छाती काढून म्हणाला.

डॉक्टरांचा विश्वास बसेना. नूरबीला ते लागलं. तिनं पिशवीतून ते यंत्र आणि बाटली काढून टेबलावर ठेवली. "एक बी नाई पेली, कुरानकसम. सरनं आन् यायनं मिळून हे बनवलं."

डॉक्टरांनी बाटलीचं झाकण उघडून वास घेतला. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्याला म्हणाले, "ही तंबाखूच आहे. धूर नव्हता म्हणून काय झालं? यातल्या निकोटिननंच रक्तवाहिन्या आवळल्या. उद्या गुडघ्याखालून पाय काढावा लागेल."

वॉर्डात दुपारचं ऊन आलं होतं. नूरबी भिंतीकडे तोंड करून बसली होती. फिजा कोपऱ्यातल्या नळावर पाण्याची बाटली भरत होती. शकूरभाईनं पायावरची चादर सारून काळी बोटं पाहिली. मग त्यानं मला विचारलं, रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून.

"सर, तुमाले हे मालूम होतं काय?"

"नाही," मी म्हणालो. "मलाही माहीत नव्हतं."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "मंग जाऊ द्या. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाले मालूम नाई, तं मले कुठून राईल? तुमी मनाले लावून घेऊ नका."

नळ बंद झाला. फिजा बाटलीला झाकण न लावताच उभी होती. ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मला वाटलं आता ही बोलेल. बोलली असती तर माझ्यावर उपकार झाले असते. पण ती बापाच्या उशाशी आली आणि त्याच्या मानेखाली हात घातला.

"अब्बा, पाणी प्या," ती म्हणाली.