दादऱ्याची गाठ आणि सुरतचा पट्टा

तळोद्यात आमचा लग्नाचा बँड आहे. थोरल्या दिरांनी काढला, आता पुतण्या चालवतो. आमचे हे त्यात चाळीस वर्षं पुढच्या रांगेत सॅक्सोफोन वाजवतात. मला वाजवता येत नाही, पण ऐकून ऐकून कान तयार झालाय, असा माझा समज होता. त्या समजाचं काय झालं तेच सांगते.

यंदाच्या लगीनसराईत यांचा वरचा सूर फाटायला लागला. नवरदेव घोड्यावर, पोरं नाचताहेत, आणि मध्येच बदकावर कुणी पाय दिल्यासारखा आवाज. असं दोनदा झालं. मग पुतण्या ओट्यावर येऊन बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "काका, प्रकाशा गावनं लगीन मोठं शे. तठे सूर फाटना, ते पुढे कीबोर्ड ठेवसू. तुम्ही मांगे झांज धरा."

चाळीस वर्षं पुढे चाललेल्या माणसाच्या हातात झांज! यांच्या बशीतला चहा तसाच राहिला.

जाता जाता पुतण्यानं खिशातून डबी काढली. आत एक सोनेरी पट्टा. सॅक्सोफोनच्या तोंडाशी वेताची पातळ पत्ती असते, ती थरथरली की आवाज निघतो. ती पत्ती जागेवर दाबून धरणारा हा दोन स्क्रूंचा पट्टा, लिगेचर म्हणतात त्याला.

"सुरतहून आणेल शे, काकी. आवाज एकदम सोनासारखा व्हस."

माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. झांज धरायला सांगणारा माणूस भेट कशाला देईल? आणि कळशीला सोन्याचा मुलामा दिला म्हणून आतलं पाणी गोड होतं का? संशय यांच्यावरही होताच. वरचे दोन दात हलत होते, डॉक्टरकडे जायचं नाही, आणि सगळा दोष बिचाऱ्या जुन्या पट्ट्यावर.

घरात पट्टे तीन झाले. जुना पितळी, कुणीतरी दिलेला चामड्याचा आणि हा सोनेरी. मी म्हटलं, परीक्षाच घेऊ. मी भिंतीकडे तोंड करून बसते, तुम्ही बदलून बदलून वाजवा.

त्यांनी वाजवलं. मी म्हटलं, "हा किरकिरा, जुना." पुन्हा वाजवलं. "हा भरीव. चामडानाच शे." तिसऱ्यांदा वाजवलं. "हाऊ सुरतना. नुस्ता झगमगाट."

मागून खुसखुस ऐकू आली.

"तिन्ही येळ जुनाच व्हता व."

"खरंच बदला नही?"

"देवनी आन. तुन्हा कानवर मन्हा इस्वास नही, म्हनीसन पाहिलं."

"ते मन्हा तुम्हनावर कोठे शे!"

हसले खरी, पण आतून हलले. एकाच पट्ट्यात मला तीन आवाज ऐकू आले होते. मग इतकी वर्षं 'आज छान वाजलं', 'आज नाही' म्हणत आले, ते कशाच्या जोरावर?

कानावरचा भरवसा उडाला, तेव्हा डोळ्यांनी बघायचं ठरवलं. जुना पट्टा लावलेलं ते तोंड खिडकीकडे धरलं. पत्तीच्या एका कडेखालून बारीक उजेड दिसला! वर्षानुवर्षं आवळून पट्टा वाकडा झालेला, एकीकडे दाबायचा, दुसरीकडे सोडायचा. चामड्याचा वाळून कडक झालेला. आणि सोनेरी ढिला. त्यात यांच्या बिडीच्या बंडलाचा कागद कोंबलेला. म्हणजे हे माझ्या नकळत तो लावून बघत होते!

कागदाचं मी तेव्हा काही बोलले नाही. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधताना फडकं सगळीकडून सारखं ताणायचं असतं, आणि दोऱ्याचे वेढे एकाला एक लागून घ्यायचे, एकावर एक नाही. पट्ट्याऐवजी तसाच गोधडीचा दोरा मेण लावून पत्तीवर गुंडाळला. गाठ बाजूला घेतली.

"बरनी शे का ती?"

"वाजाडा ते खरं."

सूर वर गेला आणि टिकला. मला फार बरा वाटला, पण माझ्या कानाचं आता मीच ऐकत नव्हते.

लग्नाच्या दिवशी देवदर्शनाचं निमित्त करून मी बँडच्या टेम्पोत चढले. प्रकाशाला देवाला हात जोडले न जोडले आणि वरातीच्या कडेला येऊन उभी राहिले. यांनी सॅक्सोफोनच्या तोंडावर रुमाल गुंडाळला होता. कशासाठी? ऊन लागतं म्हणे. आत दोरा आहे की पट्टा, ते काही दिसेना. वरचा सूर जवळ आला तसा मी पदर मुठीत धरला. सूर चढला, थांबला, सावकाश उतरला. नाचणाऱ्यांना काही कळलंही नाही, आणि तेच हवं होतं.

पुतण्या माझ्याकडे आला. "देखं का काकी? सुरतना माल! आते अक्कलकुवाना लगीनमा बी काकाच पुढे."

मी यांच्याकडे पाहिलं. हे पाणी पीत होते आणि भलतीकडेच बघत होते.

घरी आल्यावर हे अंघोळीला गेले, तशी मी सॅक्सोफोनची पेटी उघडली. दोरा जागेवर होता, पण गाठ माझी नव्हती. दादऱ्याची गाठ मी ओढली की सुटेल अशी, एक टोक लोंबतं ठेवून बांधते. ही कचकून मारलेली. म्हणजे दोरा मध्ये कधीतरी सुटला होता, नाहीतर सोडला होता. सोनेरी पट्टा डबीत होता. तो नुकता वाजवल्यासारखा ओलसर होता, की माझ्याच बोटांना घाम होता, देव जाणे.

न्हाणीतून आवाज आला, "पेटी कोन उघाडं व?"

"कोनी नही," मी म्हटलं. आणि त्यांची गाठ सोडून माझी बांधली.