बिनकाठाची निळी साडी

वडगावातल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत आप्पांचा हातमाग आणि मागच्या खोलीत माझा कॉम्प्युटर. बेंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर कंपनीची ‘ओळख’ मी सांभाळते. म्हणजे लोगो, रंग, अक्षरं आणि ती कुठं कशी वापरायची याचे नियम. नियमांचं पुस्तक मीच लिहिलंय, तेही मोठ्या ऐटीत. कंपनीच्या कुठल्याही वस्तूवर तो एकच निळा. शेजारी दुसरा रंग आला की संपलं. कुणी केकवर पिवळी फुलं काढली तरी मी मेल पाठवायची. सगळे मला टरकून असत, आणि मला ते आवडायचं.

कॉलवर मागाचा खटखटाट ऐकून आमच्या मॅडमना एकदा सुचलं, वार्षिक कार्यक्रमाला कंपनीतल्या बायकांना निळ्या साड्या द्यायच्या आणि त्या माझ्या वडिलांनीच विणायच्या. आप्पांचा चेहरा असा खुलला की मला नाही म्हणताच आलं नाही.

पहिली साडी मागावरून उतरली. निळा अगदी पुस्तकातला. आणि दोन्ही कडांना बोटभर लाल काठ!

“आप्पा, दुसरा रंग चालत न्हाई. सांगितलं हुतं की तुमास्नी.”

“निळीच हाय की गं. काठ तर पायजेच. आपल्या घरात बिनकाठाची साडी कुणी इणली न्हाई. सवाशिणीच्या अंगावर तसलं उघडं कापड कसं घालायचं?”

त्यांनी काठ रंगात धरलाच नव्हता.

मी मॅडमना लिहिलं, एवढी एकदा सूट द्या. उत्तरात माझ्याच पुस्तकातलं वाक्य चिकटवलेलं होतं: कारण कितीही चांगलं असलं तरी अपवाद नाही. खाली एक हसरा चेहरा. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करणार?

मनात ठरवलं, आप्पांनी हे काम झिडकारलं तर त्याच दिवशी मीही नोकरी सोडायची. खरं तर मला तेच हवं होतं. गल्लीत सगळे म्हणतात, पोरीनं नशीब काढलं, घरात बसून बेंगळुरूची नोकरी! त्या नशिबात माझा जीव किती गुदमरतो, हे सांगायची सोय नाही. आप्पा चिडले असते तर त्यांच्या रागाच्या आडून मीही सुटले असते.

आप्पा चिडले नाहीत. “तुला हापिसात बोल नको,” एवढंच म्हणाले आणि काठाचे लाल धागे काढून निळे जोडायला बसले. आई त्या दिवशी पुढच्या खोलीकडे फिरकली नाही. मी मात्र दारात उभी होते, आता तरी काही बोलतील म्हणून. मग माझा कॉल आला आणि मी आत गेले.

साड्या गेल्या, कार्यक्रम झाला, फोटो आले. निळ्या बायकांच्या रांगाच रांगा, कडेला कुठं काही नाही. मी फोटो आप्पांपुढे धरला. द्या शिव्या, मनात म्हटलं, आता तरी द्या.

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

“फुडच्या वर्षीबी अशाच घेतील का, इचार की गं,” ते म्हणाले. “काठ असला की दोन काठांचे दोन आन मधल्या निळ्याचा एक, असे धाग्याचे तीन-तीन धोटे चालवाय लागतात. ह्याला एकच. काम लई लवकर उरकतंय.”

मी म्हटलं, विचारते.