अण्णा राऊतांचा आहेर

अण्णा राऊतांच्या हातात कुठलीही वस्तू आली की ते आधी उत्तरेच्या, एकसारख्या उजेडाच्या खिडकीशी जात. रंगाचा नमुना तर झालाच, पण कँटीनमधला टोमॅटो, कुणाची लग्नपत्रिका, पगारवाढीचं पत्र, सगळ्याची तिथे तपासणी व्हायची. माझं लग्न ठरलं तेव्हा सुनंदाच्या शालूचं कापड दाखवायला नेलं, तर तेही त्यांनी खिडकीत धरलं. डोळे बारीक करून म्हणाले, "दुकानात ट्यूबलाइटखाली घेतलास ना? पोरीला सांग, उन्हात बघशील तवा जांभळा दिसंल. घाबरू नको म्हनावं." शालू लग्नात खरंच जांभळा दिसला आणि सुनंदा घाबरली नाही, कारण तिला आधीच सांगितलेलं होतं.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा रंगाचा कारखाना होता. मी, शिंदे, साताऱ्याकडून आलेला ताजा बी.एस्सी., सरावलीच्या चाळीत भाड्याची खोली, आणि हुद्दा केमिस्टचा. अण्णांचं शिक्षण चौथी. पालघरजवळच्या माहीमच्या वाडीतून रोज सायकल, मग एस.टी. असं करत ते यायचे आणि दिवसभर गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या नमुन्यांशी आमचे रंग जुळवायचे. थेंबभर निळा, चिमूटभर पिवळा, की झालं. मशीन जे सांगायला अर्धा तास घ्यायचं ते अण्णा बिडी विझायच्या आत सांगत. पण रंग जुळल्याच्या दाखल्यावर सही पदवीधराचीच लागे, म्हणून जुळवायचे ते आणि सही करायचो मी. पहिल्यांदा मी ओशाळलो. त्यावर ते म्हणाले, "कर रे. तुजी सही बरी दिसते. माजी म्हंजे कोंबडीचे पाय."

या माणसाला छापचित्रांचं वेड कसं लागलं, तर कामामुळेच. मुंबईच्या एका कलाशाळेतला सुरेश नावाचा विद्यार्थी लाकडी ठशावरून चित्रं छापायचा. त्याला हवा तसा हिरवा मिळेना, म्हणून तो विचारत विचारत आमच्या दारात आला. अण्णांनी त्याला सरळ माहीमला नेलं, आपल्या पानवेलीच्या मळ्यात बसवलं, वेलीचं पान खुडून हातात दिलं आणि त्या पानाबरहुकूम हिरवा जुळवून दिला. सुरेशने तोच मळा आणि विहिरीवरचा रहाट लाकडात कोरला, हिरव्या-काळ्यात त्याच्या आठ प्रती छापल्या, प्रत्येकीच्या खाली पेन्सिलीने क्रमांक घातला, सही केली आणि मग नववी प्रत निघू नये म्हणून पटाशीने त्या लाकडावर आडवेतिडवे चरे मारले.

अण्णा ते बघून थक्क झाले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सगळ्यांना तेच सांगत होते. "आपन पिंपच्या पिंप भरतो, तरी मालकाला पुरं वाटत नाय. त्या पोरानं आठ काढली न् थांबला. थांबता आलं पायजे, शिंदे."

त्या आठही प्रती त्यांनीच घेतल्या. नंतर दरवर्षी त्या कलाशाळेच्या प्रदर्शनाला जाऊन आणखीही घेत गेले. पण स्वतःसाठी एकही नाही. सगळा संग्रह दुसऱ्यांच्या भिंतींवर. प्रयोगशाळेतल्या कुणाचं लग्न निघालं की अण्णा दोन पुठ्ठ्यांमध्ये चित्र ठेवून, केळीच्या सोपटाने, खोडाच्या वाळक्या सालीने, बांधून आणत. लेमन सेट आणि भिंतीवरच्या घड्याळांच्या त्या जमान्यात हा आहेर म्हणजे गंमतच होती. पालघरच्या हॉलमध्ये आमच्या लग्नाचे आहेर लाउडस्पीकरवर पुकारले जात होते. सुनंदाच्या मामांनी पुठ्ठे उचकटून पाहिले, जरा थांबले आणि घोषणा केली, "माहीमचे श्रीयुत जगन्नाथ राऊत यांच्याकडून... एक कागद!" मांडव हसला. सगळ्यात मोठ्याने अण्णा हसले.

तो कागद म्हणजे रहाटाचं चित्र होतं. आठांपैकी पाचवं. खाली पेन्सिलीत '५/८' आणि सुरेशची सही.

आता माझं पाप सांगतो. बोईसर स्टेशनबाहेर रामसमुझची फ्रेमची टपरी होती. त्याच्याकडे देवाच्या तसबिरींच्या मापाच्या तयार चौकटी असत. चित्र त्यात बसेना. तो म्हणाला, "साब, नीचे का कोरा कागज काट दूँ?" मला घाई होती. म्हटलं, काट. कोऱ्या किनारीबरोबर क्रमांकही गेला आणि सहीही गेली. घरी येऊन भिंतीवर टांगल्यावर ते माझ्या लक्षात आलं. पुढच्याच रविवारी अण्णा जेवायला आले. चित्रासमोर उभे राहिले. मी आमटीकडे बघत होतो. "चांगल्या जागी लावलंस," एवढं बोलून ते पाटावर बसले आणि दोनदा भात मागून घेतला. मला वाटलं, सुटलो.

सात वर्षं सुटलो होतो. मग अण्णांची निवृत्ती आली.

दरम्यान माहीमच्या विहिरीवर पंप बसला होता. रहाट मोडून सरपणात गेला. पाणी मचूळ झालं आणि पानवेली सुकल्या. पूर्वी कुणी विचारलं की चित्र स्वतःला का ठेवलं नाही, तर अण्णांचं उत्तर तयार असे, "माज्याकडं खरा रहाट हाय, चित्र काय करू?" पण त्या वर्षी एकदा डबा खाताना, कुणी विचारलेलं नसताना, ते म्हणाले, "एक प्रत ठेवायला पायजे होती." आणि डबा धुवायला उठून गेले.

कँटीनमध्ये निरोपाची भेट काय द्यायची याची चर्चा निघाली तेव्हा कुणी घड्याळ म्हणालं, कुणी शाल. मला ते वाक्य आठवलं आणि मी तावातावाने बोलून बसलो, "रहाटाचं चित्र द्यायचं! माझं मी देतो!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजतावाजताच मला ती कापलेली किनार आठवली.

मग दुसऱ्या प्रतीचा शोध घेतला. ज्यांना त्या मिळाल्या त्यांतले दोघं बदली होऊन गुजरातेत गेले होते. एकाच्या चित्राला वाळवी लागली होती, एकाच्या सासूबाईंनी ते हार्डबोर्डावर डकवलं होतं. उरलेल्या तिन्ही रामसमुझच्याच चौकटीत, म्हणजे माझ्याच जातकुळीच्या. लाकूड तर सुरेशने कधीच चरे मारून संपवलं होतं. नवीन प्रत या जगात निघणार नव्हती.

शेवटी फ्रेम काखेत मारून मी रामसमुझकडे गेलो आणि सात वर्षांपूर्वीच्या कागदाच्या पट्टीबद्दल विचारलं. विचारताना माझं मलाच हसू येत होतं. तो मात्र हसला नाही. म्हणाला, "इतना बढ़िया कागज फेंकता कौन है साब? पीछे ठूँस दिया होगा, तस्वीर काँच से सटी रहे।" त्याने पक्कडीने मागचे खिळे काढले, पुठ्ठा उचलला. चित्राच्या पाठीशी दोन घड्या घातलेली पट्टी होती. उलगडली. '५/८' आणि सही. मी भर रस्त्यात रामसमुझला मिठी मारली.

सुनंदाने खळ शिजवली, मागून पातळ कागद लावून पट्टी जागेवर जोडली. सांधा दिसत होताच. घड्याही दिसत होत्या. रामसमुझने या वेळी मापाची नवी चौकट केली.

समारंभ झाला, भाषणं झाली. अण्णांनी चित्र हातात घेतलं आणि सवयीने हॉलमधली उत्तरेची खिडकी शोधली. तिथे पाठमोरे उभे राहून ते निरखू लागले. मी जवळ गेलो. सगळं कबूल करायचं ठरवलंच होतं.

"अण्णा, किनार मीच..."

"ठाऊक हाय. पयल्या रविवारीच बगितलं."

"मग सात वर्षं बोलला का नाहीत?"

"दिलेल्या वस्तूची चौकशी करतात काय? ती तुजी झाली." त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला. "सुनंदानं जोडलीय ना? तुज्याकडनं एवडं सरळ झालं नसतं." मग गंभीर होऊन म्हणाले, "दिलेलं मी परत घेत नाय, शिंदे. उसनं नेतो. मी हाय तोवर. आता पेन्सिल काड न् सांध्याखाली सही कर."

"माझी कशाला? करायचीच तर तुमची हवी. हिरवा तुमचा आहे."

"मी नुस्ता रंग जुळवला रं," ते म्हणाले. मी कोपऱ्यात माझं आणि सुनंदाचं नाव लिहिलं.

त्यानंतर सहा वर्षं ते चित्र माहीमला त्यांच्या खाटेसमोर होतं. मी गेलो की म्हणत, "बघ, पंप बिघडतो, पन ह्यो रहाट बिघडला नाय." प्रकृती खालावली तरी नव्या मुलांच्या लग्नांना त्यांचे पुठ्ठे पोचतच राहिले. आम्हीही आता तोच आहेर देत होतो. बोईसरमध्ये आता कुणी त्याला कागद म्हणत नव्हतं, आणि रामसमुझ तर किनार कापायला सांगणाऱ्याला सरळ परत पाठवायचा.

अण्णा गेले त्याच्या पंधराव्या दिवशी त्यांचा मुलगा वसंत सरावलीला आला. काखेत दोन पुठ्ठे, केळीच्या सोपटाने बांधलेले. "उसनं परत करायला सांगितलं व्हतं," एवढंच म्हणाला. चहा घेऊन गेला. सुनंदाला रडू आवरेना, मलाही.

गाठ सोडली. चित्र तसंच होतं, हिरवा जरासुद्धा उडाला नव्हता. पण आमच्या नावांखाली पेन्सिलीत अगदी फिकं काहीतरी दिसत होतं. आमच्या खोलीला उत्तरेची खिडकी नाही, म्हणून मी चित्र घेऊन चाळीच्या मागच्या गॅलरीत गेलो आणि उजेडात धरलं. कोंबडीच्या पायांसारखी अक्षरं होती. लिहिलं होतं, 'हिरवा – जगन्नाथ राऊत'.